विमानतळ पेडण्यात, परिषद पणजीत

सन २०२२ च्या डिसेंबर महिन्याच्या ११ तारखेस गोव्यात तीन गोष्टी एकाच दिवशी घडून आल्या. पेडणे तालुक्यातील मोपाच्या पठारावर बांधलेल्या नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याच तालुक्यातील धारगळ गावी उभारलेल्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे २५० खाटांचे रुग्णालय राष्ट्राला अर्पण करण्यात आले. आणि ८ तारखेपासून पणजीत चाललेल्या नवव्या जागतिक आयुर्वेद काँग्रेसचा समारोपही त्याच दिवशी झाला. पन्नासाहून अधिक देशांतील प्रतिनिधी या काँग्रेसला आले होते. वैद्य, औषध-उत्पादक, संशोधक, परदेशी पाहुणे अशी ही सारी मंडळी पणजीत जमली, पणजीत राहिली आणि पणजीतून परतली. विमानतळ पेडण्यात, रुग्णालय पेडण्यात, परिषद मात्र पणजीत. ज्याला आज ‘परिषद-पर्यटन’ म्हणतात त्या व्यवसायापुढील बहुतेक अडचणी या एका दिवसाच्या हकिगतीत दिसून येतात.

हा व्यवसाय म्हणजे काय, हे प्रथम पाहावयास हवे. कंपन्यांच्या बैठका, चांगले काम केलेल्या नोकरांना उत्तेजन म्हणून दिलेल्या सहली, विद्वानांच्या व व्यावसायिकांच्या परिषदा आणि मालाची प्रदर्शने या चार प्रकारांना मिळून इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘माइस’ असे नाव पडले आहे. इंग्रजीत हा शब्द उंदरांच्या अनेकवचनासारखा ऐकू येतो, आणि धान्याच्या कोठाराकडे सगळ्यांचेच लक्ष असते असे कोणी विनोदाने म्हटले तर ते अगदीच खोटे ठरणार नाही. कारण या पाहुण्याचे गणित निराळे असते. सुटीवर आलेले कुटुंब स्वतःच्या खिशातून खर्च करते, म्हणून हात राखून करते. परिषदेला आलेल्या प्रतिनिधीचा खर्च बहुधा त्याची संस्था किंवा कंपनी सोसते. तो सोमवार ते शुक्रवार येतो, म्हणजे हॉटेले ओस असतात त्या दिवसांत येतो. त्याच्यामागून मंडपवाला, ध्वनिक्षेपकवाला, छापखानेवाला, फुलवाला, आचारी, दुभाषी, वाहनचालक अशा कितीतरी लोकांना काम मिळते. म्हणूनच थायलंड, व्हिएतनाम, श्रीलंका यांसारखे देश आणि आपल्याकडील दिल्ली, मुंबई, हैदराबाद ही शहरे या पाहुण्यासाठी चढाओढ करीत आहेत.

गोव्याला हा पाहुणा नवा नाही. नोव्हेंबर १९८३ मध्ये राष्ट्रकुलातील देशांच्या शासनप्रमुखांची परिषद नवी दिल्लीत भरली होती. त्या परिषदेच्या मधल्या विसाव्याचे दिवस या पाहुण्यांनी बार्देशातील आग्वादच्या किनाऱ्यावर घालविले. त्या निमित्ताने साऱ्या जगाने गोव्याचे नाव वर्तमानपत्रांत वाचले. पर्वरीहून साळगाव-कळंगुटच्या बाजूस जाणाऱ्या रस्त्याला लोक आजही त्या परिषदेच्या आद्याक्षरांवरून ‘चोगम रोड’ म्हणतात. पाहुणे दोन दिवस राहून गेले आणि नाव चाळीस वर्षे टिकले. पुढे २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात स्थिरावला. ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘ब्रिक्स’ राष्ट्रांच्या प्रमुखांची बैठक बाणावलीस झाली, आणि जून २०२३ मध्ये ‘जी-२०’ गटाच्या पर्यटनमंत्र्यांनी गोव्यातच पर्यटनाचा एक आराखडा संमत केला. नावे मोठी आहेत. पण नकाशा पुढे घेऊन या ठिकाणांवर बोट ठेवीत गेले म्हणजे ते पणजी, बार्देशाचा किनारा आणि सासष्टीचा किनारा एवढ्यातच फिरते. पेडणे आणि डिचोली हे तालुके अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांच्या हाती आले, म्हणून त्यांना ‘नव्या काबिजादी’त धरतात. पर्यटनाच्या बाबतीत या काबिजादी अजून नव्याच आहेत.

आता अडचणींकडे वळू. पहिली अडचण एका छपराची आहे. एखादी आंतरराष्ट्रीय संघटना आपल्या परिषदेचे ठिकाण दोन-तीन वर्षे, काही वेळा त्याहूनही अगोदर, निश्चित करते. ती समुद्र किती निळा आहे हे विचारीत नाही. एका छपराखाली किती खुर्च्या मांडता येतील, शेजारी प्रदर्शनाला किती चौरस फूट जागा आहे, पंधरा मिनिटांच्या अंतरात एका दर्जाच्या किती खोल्या मिळतील, असे तिचे प्रश्न असतात. दिल्लीने २०२३ साली ‘भारत मंडपम्’ आणि ‘यशोभूमी’ अशी दोन विशाल परिषदगृहे दोन महिन्यांच्या अंतराने खुली केली. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात त्याआधीच एक मोठे परिषदगृह सुरू झाले होते. गोव्यात दोनापावल येथे असे गृह उभारण्याची भाषा वर्षानुवर्षे ऐकू येत आहे. तोपर्यंत कला अकादमी, ताळगावचे क्रीडागृह आणि किनाऱ्यावरील हॉटेलांची दालने यांवरच भागवावे लागते.

याचे उदाहरण म्हणून ‘भारत ऊर्जा सप्ताह’ या प्रचंड मेळाव्याकडे पाहता येईल. २०२३ साली तो बंगळुरूस भरला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो गोव्यात आला आणि बेतुल येथील तेल व नैसर्गिक वायू महामंडळाच्या प्रशिक्षण संस्थेच्या आवारात पार पडला. २०२५ साली तो दिल्लीच्या ‘यशोभूमी’त गेला आणि २०२६ च्या जानेवारीत पुन्हा बेतुलला परतला. फिरती हा परिषदांचा स्वभावच आहे, त्यात कोणी अपमान मानण्याचे कारण नाही. मात्र पाहुणा येतो-जातो तेव्हा गावात मागे काय राहते, हा प्रश्न उरतो. कायमचे गृह असले तर त्याभोवती कायमची नोकरी राहते. तात्पुरता मंडप असला तर तो उभारणारा कंत्राटदार मंडपाबरोबर आपली माणसेही घेऊन जातो.

दुसरी अडचण रस्त्याची. किंबहुना रस्त्यावरील भाड्याची म्हणावी. मोपाच्या विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमाने उडू लागली. पहिल्या टप्प्यात वर्षाला ४४ लक्ष प्रवाशांची सोय होईल अशी त्याची बांधणी आहे. जोडरस्ताही पुढे तयार झाला, आणि कदंब महामंडळाच्या बसगाड्या विमानतळावरून पणजी, म्हापसा, मडगावकडे सुटतात. तरी ज्याला मध्यरात्री उतरून हॉटेल गाठायचे आहे तो टॅक्सीच शोधतो, आणि येथे गोव्यातील एक जुने भांडण आडवे येते. २०१८ साली भ्रमणध्वनीवरून टॅक्सी मागविण्याची सोय राज्यात सुरू झाली, तेव्हापासून टॅक्सीचालकांचा तिला विरोध आहे. मोपा सुरू झाल्यावर पेडण्याच्या टॅक्सीवाल्यांनी आपल्या हक्कासाठी आंदोलने केली.

या वादात दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून घेण्यासारखे आहे. विमानतळासाठी ज्या पठाराची जमीन गेली त्यावर मोपा, वारखंड, नागझर, चांदेल, कासारवर्णे, उगवे या गावांच्या काजूच्या बागा आणि गुरांची कुरणे होती. पठारावर राहणाऱ्या धनगर कुटुंबांना घरे सोडावी लागली. जमीन गेलेल्या घरातील मुलाने कर्ज काढून गाडी घेतली असेल, तर विमानतळाच्या दाराशी पहिला हक्क आपला, असे त्याला वाटणे स्वाभाविक होय. उलटपक्षी परिषदेचा व्यवस्थापक पाचशे पाहुण्यांचा प्रवासखर्च सहा महिने आधी कागदावर मांडतो. त्याला दर अगोदर कळला नाही किंवा ऐन दिवशी गाड्या बंद राहतील अशी धास्ती वाटली, तर तो भांडत बसत नाही. तो दुसरे शहर निवडतो. त्याचा निरोपही येत नाही. न आलेल्या पाहुण्याची नोंद कोठल्याच वहीत होत नसते, त्यामुळे या नुकसानीचा हिशेब कोणी मांडू शकत नाही.

येथे एकूण आकड्यांकडे नजर टाकणे इष्ट ठरेल. २०१९ साली गोव्यात सुमारे ८० लक्ष पर्यटक आले, त्यांत ९ लक्षांहून अधिक परदेशी होते. पुढे महामारी आली. त्याआधीच, सप्टेंबर २०१९ मध्ये, इंग्लंडमधील एक जुनी प्रवासी कंपनी बुडून तिची खास विमाने बंद झाली होती. नंतर रशिया-युक्रेन युद्ध पेटले. २०२४ साली एकूण पर्यटकांची संख्या एक कोटीच्या वर गेली, पण परदेशी पाहुणे सुमारे पावणेपाच लक्षच होते. म्हणजे गर्दी वाढली आणि परदेशी पाहुणा निम्मा झाला. ही स्थिती केवळ गोव्याची नाही. त्याच वर्षी साऱ्या भारतात मिळून सुमारे एक कोटी परदेशी पर्यटक आले, तर एकट्या थायलंडमध्ये साडेतीन कोटी. थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसाची अट माफ केली. साहजिकच, जो भारतीय व्यापारी आपल्या विक्रेत्यांची सहल पूर्वी गोव्यास नेत असे, तो आता बँकॉकचे तिकीट आणि गोव्याचे तिकीट शेजारी ठेवून पाहतो. उंची खोल्यांवरील १८ टक्के करही त्याच्या बेरजेत येतो.

गोव्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १४ लक्ष ५८ हजार होती. तिच्या सातपट पाहुणे एका वर्षात येणार असतील, तर त्यांना पाणी कोठून द्यावयाचे? हा प्रश्न पेडण्यात कोणत्याही परिषदगृहाच्या आराखड्यापूर्वी उभा राहतो. पेडण्याची तहान मुख्यतः चांदेलचा जलशुद्धीकरण प्रकल्प भागवितो. तिळारीचे धरण महाराष्ट्राच्या दोडामार्ग तालुक्यात आहे. ती महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांची संयुक्त योजना होय, आणि तिचे कालवे पेडणे, डिचोली, बार्देश या तालुक्यांत येतात. हा कालवा फुटण्याचे प्रकार घडले आहेत, आणि तसे घडले की उत्तर गोव्यातील कित्येक गावांचे नळ कोरडे पडतात. पाचशे खोल्यांच्या हॉटेलाला टँकर परवडतो. वाड्यावरच्या विहिरीला टँकर परवडत नाही. म्हणून मोठ्या बांधकामाचे नाव निघाले की ग्रामसभेत पहिला आवाज पाण्याचाच उठतो, आणि त्यास विकासाचा विरोध म्हणणे उतावळेपणाचे होईल.

जमिनीविषयीही हेच म्हणता येईल. तेरेखोलच्या गावी गोल्फ मैदानाचा बेत निघाला, तेव्हा तेथील कुळांनी आपल्या शेतमळ्यांसाठी विरोध केला आणि वाद न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर २०२४ मध्ये ‘सनबर्न’ हा संगीत महोत्सव धारगळला भरविण्यात आला. त्याच्या बाजूने आणि विरुद्ध असे गावात दोन तट पडले. याचिका झाल्या, महोत्सव झाला आणि पुढच्याच वर्षी, २०२५ साली, तो मुंबईला निघून गेला. गावात तंटा मात्र मागे राहिला. मोरजीच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे रात्री अंडी घालण्यासाठी येतात. त्यांना काळोख आणि शांतता लागते. किनाऱ्यावरील उपाहारगृहाला दिवे आणि वाद्ये लागतात. कायद्याने कासवांना पूर्ण संरक्षण दिले आहे. त्याची अंमलबजावणी मात्र दर हंगामात नव्याने करावी लागते.

डिचोलीची कहाणी निराळी आहे. या तालुक्याचे पोट अनेक वर्षे लोहखनिजावर भरत असे. २०१०-११ च्या सुमारास गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास खनिज निर्यात होत होते. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. पुढे काही काळ त्या मर्यादेत चालल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ पट्टे रद्द होऊन पुन्हा बंद पडल्या. ट्रकांच्या रांगा थांबल्या, कर्जाचे हप्ते थांबले नाहीत. गॅरेजवाला, टायरवाला, चहाच्या गाड्याचा मालक, सारेच एकदम रिकामे झाले. त्या दिवसांत ‘खाणीला पर्याय पर्यटन’ ही घोषणा डिचोलीत पुष्कळदा ऐकू आली. लिलावानंतर २०२४ साली डिचोलीच्या पट्ट्यात खाणकाम पुन्हा सुरू झाले, तेव्हा घोषणाही मंदावली. खाण बंद असताना आठवण होते आणि ती सुरू होताच विसर पडतो, असा हा पर्याय आहे.

वस्तुतः परिषदेच्या पाहुण्याला दाखविण्याजोगे डिचोलीत जे आहे ते किनाऱ्यावर नाही. हरवळ्याची कोरीव लेणी आणि शेजारचा धबधबा पावसाळ्यात पाहावा. मयेचे तळे डोंगरांच्या कुशीत आहे. डिचोली शहराजवळ औरंगजेबाचा मुलगा अकबर याच्या काळचे नमाजगाह आहे. नार्वे येथे सप्तकोटेश्वराचे मंदिर आहे. मूळचे दिवाडी बेटावरील हे दैवत पोर्तुगीज काळात नदीपलीकडे नार्वेस आणण्यात आले, आणि १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करविला. राज्याच्या पुरातत्त्व खात्याने केलेल्या दुरुस्तीनंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये ते मंदिर पुन्हा खुले झाले. किनाऱ्यावरील हंगाम जूनमध्ये आवरतो, तेव्हा डिचोलीचा हंगाम सुरू होऊ शकतो, आणि परिषदा बंद दालनात भरत असल्याने त्यांना पावसाचे भय नसते. हा मेळ जमविण्यासारखा आहे. पण पावसात साखळी-डिचोलीच्या नद्यांना पूर येतो, कोकण रेल्वेच्या पेडणे बोगद्यात जुलै २०२४ मध्ये पाणी शिरून गाड्या अडकल्या होत्या, हेही पाहुण्याला बोलाविण्यापूर्वी लक्षात घ्यावे लागेल.

गर्दी म्हणजे यश असे मानण्याची आपणांस सवय लागली आहे. शिरगावची श्रीदेवी लईराईची जत्रा गोव्यातील मोठी जत्रा होय. व्रतस्थ धोंड होमकुंडातील निखाऱ्यांवरून चालत जातात, ते पाहण्यास गोवा, महाराष्ट्र आणि कर्नाटकातून लोक येतात. लईराई आणि म्हापशाची मिलाग्रिस सायबीण या बहिणी, अशी हिंदू-ख्रिस्ती दोन्ही समाजांची श्रद्धा असून दोन्ही ठिकाणांमध्ये तेलाफुलांची देवघेव होते. मे २०२५ मध्ये या जत्रेच्या रात्री, ३ तारखेच्या पहाटे, अरुंद उतारावर चेंगराचेंगरी होऊन किमान सहा भाविकांचा बळी गेला. त्याच वर्षी ६ डिसेंबरच्या मध्यरात्री बार्देशातील हडफडे येथे एका नाइट क्लबला आग लागली आणि २५ माणसे गेली. त्यांत बहुतेक तेथे राबणारे, दूरच्या प्रांतांतून आलेले नोकर होते. एक देवाचे स्थान, दुसरे करमणुकीचे. परंतु बाहेर पडण्याची वाट किती रुंद आहे हे आधी मोजलेले असावे, ही गरज दोन्हीकडे सारखीच. परिषदेचा जबाबदार संयोजक हल्ली खोल्यांच्या दरासोबत अग्निशमनाचा दाखला मागतो, आणि तो त्याने मागावा हेच योग्य.

शेवटची अडचण माणसांची. पेडणे आणि डिचोली येथील खेड्यांत प्राथमिक शिक्षण बहुतांशी मराठी शाळांतून होते. मुले हुशार असतात. दशावतारात आणि नाटकांत ती धीटपणे उभी राहतात. पण हॉटेलच्या स्वागतकक्षात परक्या माणसाशी इंग्रजीत चार वाक्ये बोलण्याची वेळ आली की तीच मुले गप्प होतात. मग मांद्रे-आश्व्याच्या हॉटेलात वरची जागा बाहेरच्या माणसास मिळते आणि गावचा मुलगा बागेत, धुलाईघरात किंवा पहाऱ्यावर जातो. त्याच्या जोडीला बांदा, सावंतवाडी, दोडामार्गकडून रोज दुचाकीवरून येणारे शेकडो तरुण असतात. त्यांचीही गत निराळी नाही. हॉटेल-व्यवस्थापनाची पर्वरीची संस्था जुनी आणि नावाजलेली आहे, पण पेडण्याच्या मुलाने रोज पर्वरी गाठावी ही अपेक्षा जड आहे. विर्नोड्याला सरकारी महाविद्यालय आहे, साखळीलाही आहे. संध्याकाळच्या वर्गात दुभाष्याचे काम, मंचव्यवस्था, हिशेब, अग्निसुरक्षा, स्वयंपाकघराची स्वच्छता हे विषय तेथे शिकविता येतील. दरसाल पन्नास मुले अशी तयार झाली, तर एखाद्या परिषदेच्या कंत्राटात ‘स्थानिकांना प्राधान्य’ हे शब्द लिहिण्यात काही अर्थ राहील. आज ते शब्द लिहिले जातात, आणि योग्य माणूस मिळाला नाही असा शेरा खाली मारला जातो.

मोपाच्या विमानतळाशेजारी हॉटेले आणि व्यापारी इमारतींसाठी जमीन राखून ठेवलेली आहे. तेथे परिषदगृह उभे राहिले, तर पाहुणा विमानातून उतरून दालनात जाईल आणि तीन दिवसांनी दालनातून विमानात बसेल. पेडण्याचा बाजारही त्याच्या दृष्टीस पडणार नाही. हे टाळावयाचे असेल तर कार्यक्रमपत्रिकेतील ‘मोकळा अर्धा दिवस’ कोणाच्या हाती आहे हे पाहावे लागेल. आज तो सहल-कंपनीच्या हाती असतो, आणि तिची बस ठरल्याप्रमाणे जुन्या गोव्याकडे किंवा कळंगुटकडे वळते. तीच बस पेडण्याहून डिचोलीस आली, तर मयेचे तळे आणि नार्व्याचे देऊळ पाहून नदीची फेरी घेऊन दिवाडीमार्गे पणजीकडे उतरता येते. डिचोलीत पितळी समया घडविणारे कारागीर आहेत, मातीची भांडी करणारे कुंभार आहेत. परिषदेच्या प्रत्येक प्रतिनिधीला एक पिशवी भेट मिळते. तीत बहुधा परगावी छापलेली वही, प्लास्टिकची लेखणी आणि पाण्याची बाटली असते. पाचशे प्रतिनिधींच्या पिशव्यांत पाचशे लहान समया घालावयाच्या झाल्या, तर डिचोलीच्या कारागिराला ती मागणी निदान चार महिने आधी कळावयास हवी.